वायरो बाइंडिंग शिकताय? पंचिंगपेक्षा दांड्याकडं लक्ष द्या

वायरो बाइंडिंग म्हणजे रिपोर्टच्या कडेला भोकं पाडून त्यात धातूच्या दुहेरी लूपांची वायर दाबून बसवणं. कोल्हापुरात विद्यापीठ रोडला किंवा राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात नवं पोरगं लागलं की त्याला आधी पंचिंगला, म्हणजे भोकं पाडायला बसवतात. ते काम आठवड्यात हातात बसतं. एका वेळी दहा-बारा कागद, कड नीट ठोकून सरळ केलेली, बस्स. ओएचपीचं (पारदर्शक प्लॅस्टिकचं) कव्हर मात्र एकेकच घाला, आणि त्याच्या मागं एक रद्दी कागद ठेवा, भोकं स्वच्छ पडतात. गिऱ्हाईक रिपोर्ट उघडून बघतं ते वायरीचं काम, आणि ते सगळं क्लोजिंगच्या, म्हणजे वायर दाबून बंद करायच्या दांड्यावर ठरतं.

वायर आधी अंदाजानं निवडायची. ८० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) शंभर कागद म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जाडी. त्याला अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमीची वायर लागते. जाडीपेक्षा दोन-तीन मिमी मोठी घेतली की पानं मोकळी फिरतात. वायर १४.३ मिमीपर्यंत असेल तर भोकं इंचाला तीन, त्याहून जाड असेल तर इंचाला दोन. दोन्हींचं पंचिंग वेगळं, त्यामुळं जाड प्रबंध आला की भोकं पाडायच्या आधीच हे ठरवा. ए-फोरच्या लांब बाजूला तीनच्या पिचमध्ये (इंचाला तीन भोकं) ३४ लूप बसतात. जास्तीची वायर कटरनं आधीच तोडून घ्या.

आता खरी गंमत. वायर मशीनच्या हुकांना अडकवा, पानं ओवा, पण मागचं कव्हर शेवटी ठेवू नका. ते उचलून पुढच्या कव्हरावर घाला, आतली बाजू आपल्याकडं. दाबून झालं की ते फिरवून मागं न्यायचं. वायरीचा जोड शेवटचं पान आणि मागचं कव्हर यांच्यामध्ये लपतो. ज्या दुकानात हे करत नाहीत तिथला रिपोर्ट मी लांबून ओळखतो.

क्लोजिंगला बहुतेक मशीनवर वायरीचं उघडं तोंड खाली येतं. दाब कमी-जास्त करायचा नॉब वायरीच्या मापापेक्षा थोडा सैल ठेवा. दांडा एकदा खाली ओढा, बाहेर काढून बघा, मग नॉब किंचित आवळून पुन्हा दाबा. पहिल्याच दणक्यात काम उरकायला जाल तर टोकं एकमेकांवर चढतात, गोल वायर अंडाकृती होते आणि पान उलटताना अडकतं. कमी दाबलं तर फट राहते आणि शेवटची पानं तिथून सुटतात. टोकं समोरच्या लूपांच्या मध्ये येऊन टेकली की थांबायचं. जोडावरून अंगठा फिरवा, खरखर लागली तर टोक बाहेर आहे. एकाच मापाच्या दहा प्रती असतील तर पहिलीवर वेळ घालवा, बाकीच्या त्याच सेटिंगवर धडाधड निघतात.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा म्हणजे कागदाला शिक्षाच. ओलसर गठ्ठा फुगतो, कड सरळ बसत नाही. रीम उघडी टाकू नका.

मार्च-एप्रिलमध्ये “दादा, उद्या व्हायवा हाय, लगेच द्या की” म्हणत पोरं काउंटरवर उभी असतात. त्यांच्यासमोर घाई करू नका. एकदा दाबलेली वायर उघडली की पुन्हा गोल होत नाही, ती तोडून नवीच घालावी लागते. म्हणून दांडा ओढायच्या आधी गठ्ठा त्यांच्याच हातात द्या आणि पान नंबर त्यांनाच तपासायला लावा. त्यानंतर एखादं पान राहिलं, तर नव्या वायरीचे पैसे मागायला संकोच करू नका.