जिमनीला मोठे टायर टाकायचेत? दुकानात जायच्या आधी हे बघा

मारुतीची जिमनी घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या पावसाळ्यात एकच प्रश्न पडतो, टायर बदलू का आणि बदलले तर किती मोठे टाकू. मलाही पडला होता. माझं रोजचं येणंजाणं कोल्हापुरात आणि महिन्यातून दोनदा चंदगडकडच्या शेतावर, त्यात शेवटचे तीनेक किलोमीटर पाणंद, उन्हाळ्यात धूळ आणि जुलैमध्ये नुसता राडा. कंपनीचे १९५ चे टायर हायवेला छान होते, आवाज नाही काही नाही, पण पाणंदीत चार फेऱ्या फिरले की नक्षीत माती भरून नुसते गोटे व्हायचे. म्हणून मी या विषयात पडलो, भरपूर डोकं लावलं, एकदा चुकीचा साइज जवळपास घेतलाच होता, आणि आता जे कळलंय ते सगळं इथे लिहितोय. उदाहरणं जिमनीची आहेत पण हिशोब थार, गुरखा, बोलेरो सगळ्यांना तोच.

आधी एक काम करा. वही घ्या आणि मागच्या महिन्यात गाडी कुठे कुठे फिरली ते खरंखरं लिहून काढा. डांबरी किती, घाट किती, मुरमाचा कच्चा रस्ता किती आणि खरा चिखल किती. आपल्या डोक्यात आपण कायम ऑफरोडवरच असतो पण वहीत वेगळंच दिसतं. माझं निघालं शंभरात ऐंशी डांबर, पंधरा कच्चा आणि चिखल जेमतेम पाच. टायर या ऐंशीसाठी घ्यायचा की पाचसाठी हा खरा प्रश्न आहे, साइज त्याच्या नंतर येतो.

आता टायरच्या अंगावरचे आकडे. जिमनीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही तर रुंदीच्या टक्क्यात, म्हणजे १९५ चे ८० टक्के, झाले १५६. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम किती इंची. एक इंच २५.४ मिलिमीटर म्हणून रिम झाली ३८१. साइडवॉल वर एक आणि खाली एक, तर १५६ अधिक १५६ अधिक ३८१, टायरची पूर्ण उंची ६९३ मिलिमीटर. एवढं गणित जमलं की दुकानदार काहीही सांगू दे, तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत तपासू शकता.

जिमनीला लोक मुख्यतः दोन साइज टाकतात. एक २१५/७५ आर १५, याची उंची येते ७०३.५, म्हणजे मूळ टायरपेक्षा दीड टक्का जास्त. दुसरा २३५/७५ आर १५, उंची ७३३.५, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. फोटोत २३५ वाली गाडी काय दिसते ते मला माहितीये, मी स्वतः त्याच फोटोंना भुललो होतो. पण साधारण धोरण असं ठेवा की मूळ उंचीच्या तीन टक्क्यांच्या आत राहायचं, त्याच्या पुढे गेलात की फक्त टायर बदलून भागत नाही, सस्पेन्शन लिफ्ट (गाडी उंच करणं), रिम, मडगार्डचं कटिंग असं एकामागे एक निघत जातं.

सहा टक्क्यांनी नक्की काय होतं ते सांगतो. स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना गाडी आधीपेक्षा सहा टक्के जास्त वेगाने पळत असते, म्हणजे आधीच्या ८० च्या जागी ८५ च्या आसपास. किलोमीटर कमी मोजले जातात, त्यामुळे अ‍ॅव्हरेज काढताना ते खरं घटलंय त्याच्यापेक्षाही जास्त घटल्यासारखं वाटतं (मोजलेल्या किलोमीटरला १.०५८ ने गुणा, मग खरा आकडा येतो). पण सगळ्यात जास्त जाणवतं ते गिअरिंग. टायर मोठा झाला की तो एका फेरीत जास्त अंतर जातो, म्हणजे गाडीचे सगळेच गिअर थोडे उंच झाल्यासारखे होतात आणि चाकाला मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते. जिमनीचं इंजिन दीड लिटरचं पेट्रोल, टॉर्क १३४ न्यूटन मीटर, इथे उधळायला जास्तीचं काही नाहीये. आंबोलीचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढताना जिथे तिसऱ्यावर गाडी निघायची तिथे दुसरा टाकावा लागतो. त्यात टायर वजनाला पण जड, आणि चाकाचं वजन हे फिरणारं वजन असल्यामुळे वेग घेताना पण त्रास आणि ब्रेक मारून थांबवताना पण त्रास.

आणि एवढं करून ग्राउंड क्लिअरन्स किती वाढतो? उंचीतल्या फरकाच्या निम्मा. २१५ ला जेमतेम ५ मिलिमीटर, २३५ ला २० मिलिमीटर. म्हणजे २१५ टाकून गाडी उंच होईल अशा आशेवर असाल तर ते विसरा, २१५ घ्यायचा तो रुंदी, भक्कम साइडवॉल आणि चांगल्या नक्षीसाठी.

अजून एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही ती म्हणजे रिमची रुंदी. जिमनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. २१५/७५ तिच्यावर बसतो, पण २३५/७५ ला साधारण सहा इंच किंवा जास्त रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चढतो हो, हवा पण भरली जाते, पण साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते, नक्षी मधूनच झिजते आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी होते. मी ज्या दुकानात पहिल्यांदा गेलो तिथे मला "काही होत नाही, सगळेच टाकतात" असं सांगून २३५ चा सेट काढून सुद्धा ठेवला होता. मी फक्त रिमची रुंदी विचारली तर उत्तर आलं नाही. तिथून निघून आलो. टायर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत प्रत्येक साइजला कुठली रिम चालते ते दिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिम मोठी करायचा विचार असेल तर ऑफरोडसाठी ते उलटं काम आहे. १५ ची १७ केली आणि टायरची उंची तेवढीच ठेवली की साइडवॉल बारीक होते, आणि दगडावर गाडीला आणि रिमला वाचवणारी तीच साइडवॉल असते. थारमध्ये हे छान दिसतं, २०२० च्या थारला कंपनीनेच १६ इंची २४५/७५ आणि १८ इंची २५५/६५ असे दोन साइज दिले, दोन्हीच्या उंचीत दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक, पण साइडवॉल १६ मध्ये १८४ मिलिमीटर आणि १८ मध्ये १६६. म्हणून दगडधोंड्यात जाणारे १८ काढून १६ वर येतात आणि मला ते पटतं. १८ वरच राहायचं असेल तर २६५/६५ आर १८ हा पावणेदोन टक्क्याच्या आत बसतो.

आता एचटी, एटी की एमटी.

एचटी म्हणजे हायवेचा टायर, कंपनीतून बहुतेक हाच येतो. शंभरात पंचाण्णव डांबर असेल तर बदलूच नका, खरंच सांगतो, नक्षी झिजेपर्यंत वापरा. एटी म्हणजे दोन्हीकडचा, आणि माझ्यासारख्या बहुतेकांना हाच लागतो. एमटी म्हणजे चिखलाचा, मोठे मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद जागा, चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते. काळ्या मातीत आणि राड्यात एमटीला तोड नाही. पण तोच टायर ओल्या डांबरावर घाबरवतो. ठोकळे मोठे म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि ओल्यात पकड देणाऱ्या बारीक चिरा एमटीवर कमी असतात. आपल्याकडे पावसाळ्यात गगनबावडा किंवा ताम्हिणी उतरताना रस्त्यावर पाणी, कुठे शेवाळ, समोरून एसटी, तिथे ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते याला महत्त्व आहे, पाणंदीत तुम्ही दहा मिनिटं लवकर बाहेर निघालात याला नाही. घरची माणसं त्याच गाडीत बसतात. म्हणून एमटी त्यांनीच घ्या ज्यांची गाडी खरोखर चिखलातच राबते, किंवा ज्यांच्याकडे रोजच्यासाठी दुसरी गाडी आहे.

एटी मध्ये पण सगळे सारखे नसतात. काही नुसते दिसायला दणकट असतात, खांद्याला ठोकळे आणि मध्ये एचटीच. हाताने बघा, नक्षीच्या मधल्या खाचा किती खोल आहेत, ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का, आणि खांद्यावरून खाली साइडवॉलवर पण रबराचे उंचवटे आलेत का. सह्याद्रीत हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे कारण आपला बेसॉल्ट फुटला की धारदार फुटतो, आणि टायर बहुतेक वेळा खालून नाही तर बाजूने चिरला जातो. नक्षीतलं पंक्चर रस्त्यात बसून काढता येतं, साइडवॉल चिरली की तो टायर गेला. मागच्या वर्षी रस्त्याचं काम चालू होतं तिथे नव्या टाकलेल्या खडीवरून गाडी बाजूला घेताना माझी मागची साइडवॉल बोटभर फाटली, आणि तेव्हा स्टेपनी त्याच साइजची होती म्हणून वाचलो.

स्टेपनीचं आलंच आहे तर इथे थांबतो थोडा. टायर पाच घ्यायचे, चार नाही. लोक चार बदलतात आणि स्टेपनीला जुनाच राहू देतात, पैसे वाचतात म्हणून. टू व्हील ड्राइव्हला घरापर्यंत हळू येण्यापुरतं चालून जाईल, पण जिमनी थार यांची फोर व्हील सिस्टीम पार्ट टाइम आहे, म्हणजे फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात. एक चाक वेगळ्या उंचीचं असेल तर ते वेगळ्या गतीने फिरायला बघतं, सिस्टीम फिरू देत नाही, आणि सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरेन्शियलवर जातो. पाचही सारखे घ्या, आणि रोटेशन (चाकांच्या जागा आलटून पालटून बदलणं) पण पाच चाकांचं करा म्हणजे स्टेपनी पण बाकीच्यांबरोबर झिजते. फार जड टायर घेतला तर तो मागच्या दारावर लटकणार आहे हे पण लक्षात असू द्या, दाराच्या बिजागऱ्या रोज तो भार सोसतात.

साइडवॉलवर अजून दोन गोष्टी वाचायच्या. साइजच्या पुढे ९६एस, १००एस असं काहीतरी असतं. आकडा म्हणजे वजन पेलायची ताकद, ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. अक्षर म्हणजे जास्तीत जास्त वेग, क्यू ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०. वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. आणि चार आकड्यांचा एक शिक्का असतो, २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाचही टायरचा शिक्का बघा, एक जरी वर्षाच्या वर जुना असेल तर दुसरा मागा, मागायला लाजू नका.

कायद्याचं पण बघायला लागतं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कडक अर्थाने लावलं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साइज टाकणं सगळ्यात सुरक्षित. त्याच्या बाहेर जात असाल तर आधी आरटीओत विचारा, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको. टायर मडगार्डच्या बाहेर आलेला असेल तर तो लांबूनच दिसतो आणि चिखल मागच्यांच्या काचेवर उडवतो. स्पेसर (चाकाच्या मागे बसवायची जाड चकती) टाकून चाक बाहेर काढायच्या भानगडीत तर पडूच नका, बेअरिंगवर ताण येतो.

दुकानात बसवताना आधी पुढचा एकच टायर बसवायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि वाकून बघा, मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिकला किंवा अ‍ॅक्सलच्या आर्मला कुठे घासतोय का. मग एक चाक फुटपाथवर चढवून परत तेच करा, कारण सपाटीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर घासतो. बोट जाईल एवढी तरी जागा राहिली पाहिजे, चिखल बसला की ती पण भरते. मग बाकीचे चार, मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. नट गनने आवळून झाल्यावर हाताने टॉर्क पान्याने तपासायला सांगा आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा तपासा.

हवेचं सांगायचं राहिलं. सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरच्या आकड्याने करा. मग नक्षीवर खडूने आडवी रेघ मारा, सपाट रस्त्यावर सरळ थोडी गाडी चालवा आणि बघा. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी गेली की तुमचा आकडा सापडला, पण स्टिकरच्या खाली जाऊ नका. एलटी (लाइट ट्रक) शिक्क्याचा टायर घेतला तर त्याला थोडी जास्तच हवा लागते. चिखलात किंवा वाळूत १८ पीएसआय पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि मोठ्या साइजने मिळणार नाही एवढी पकड यानेच मिळते. १५ च्या खाली मात्र नको, टायर रिमवरून सुटतो. हवा उतरवली की गाडी हळू, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा पंप गाडीत हवाच. मी साइजच्या मागे लागायच्या आधी हवा उतरवून बघितली असती तर कदाचित वर्षभर त्याच जुन्या टायरवर निघालं असतं.

आणि नवे टायर लागले म्हणून गाडी सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा समुद्रकिनाऱ्यावर घालू नका. सड्यावरची माती बोटभर असते, एका चाकोरीने तिथलं फुलणारं गवत वर्षानुवर्षं मागे जातं, आणि कोकणच्या वाळूत कासवांची अंडी असतात जी वरून दिसत नाहीत. चिखल हवा असेल तर कुणाच्या तरी शेताच्या पाणंदीत विचारून जा. आमच्याकडे तर पावसाळ्यात ट्रॅक्टर अडकलेला असतोच, दोर घेऊन आलात तर चहा पण मिळेल.

मी शेवटी २१५/७५ आर १५ एटी घेतले, पाच. पहिले दोनेकशे किलोमीटर ते जरा गुळगुळीत वाटतात, वरचा थर निघून जाईपर्यंत घाटात जपून चालवा.