खानावळीत बसण्याआधी: एका रत्नागिरीकर बाईचे नियम

"रत्नागिरीत चांगलं हॉटेल कुठलं?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: वार कुठला, महिना कुठला आणि पोचणार किती वाजता? एवढं कळल्याशिवाय हॉटेलचं नाव सांगण्यात अर्थ नाही. एकच खानावळ बुधवारी दुपारी एक वाजता देवासारखी असते आणि मंगळवारी रात्री साडेनऊला तिथे पाऊल ठेवू नये अशी असते.

माझी नोकरी लेखापरीक्षणाची. राजापूर, लांजा, गुहागर, मंडणगड, सगळीकडे दौरे. ऑडिटवाल्यांना जेवू घालायला गावोगावची माणसं टपलेली असतात, आणि नेमकं तेच जेवण खायचं नसतं. त्यामुळे मी कायम स्वतःच्या पैशाने, एकटी, बाजारातल्या खानावळीत जेवले. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. खाली लिहिलंय ते त्या सवयीतून आलेलं आहे. पटलं तर घ्या.

आधी पंचांग, मग मेनू

मासे खायचे असतील तर वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी या दिवशी कोकणातल्या कितीतरी घरांत मासळी शिजत नाही. समुद्राला तिथी कळत नाही, बोटी जायच्या त्या जातातच. पण खानावळवाला त्या दिवशी हात आखडता घेतो आणि जे उरतं ते बर्फात जातं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खपाचे दिवस; सकाळी आणलेलं दुपारी संपतं. मी पाहुण्यांना बुधवारी न्यायची. रविवारी गर्दीत वाढणाऱ्याचं लक्ष नसतं आणि दुसऱ्यांदा भात मागायची पंचाईत होते.

वेळ दुपारी साडेबारा ते दीड. अडीचनंतर नारळाचं कालवण चौथ्यांदा गरम झालेलं असतं आणि ते फुटतं: तेल वर, चोथा खाली. कितीही चांगला हात असला तरी त्याला इलाज नाही. रात्री मासे खायचे तर हर्णैसारख्या ठिकाणी खा. तिथे संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो, म्हणजे रात्रीच्या ताटातलं दुपारपर्यंत पाण्यात असण्याची शक्यता तरी असते.

महिन्याचं म्हणाल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दोन महिन्यांत मोठी सुरमई आणि पापलेट मागणाऱ्या माणसाला जे मिळतं ते त्याने गप खावं, तक्रार करू नये. शहाण्याने त्या दिवसांत खाडीचं मागावं, नाहीतर सुकं: सोड्यांची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, सोबत तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. मला विचाराल तर कोकणातलं खरं जेवण पावसाळ्यातच कळतं, पण पाहुणे ऐकत नाहीत.

गणपतीत आणि शिमग्यात मात्र जेवणाचा बेत बाहेर करूच नका. मालक, आचारी, वाढपी सगळे आपापल्या घरी. उघडं असतं ते हॉटेल भाड्याच्या माणसांवर चालू असतं.

"आज नाही" ऐकायला शिका

दारातला फळा वाचा. खडूने लिहिलेला, दोन नावं पुसलेली, एखादं अर्धवट पुसलेलं असेल तर आत जा. लॅमिनेट केलेल्या कार्डावर बारा प्रकारचे मासे वर्षभर छापलेले असतील तर त्यातले निम्मे फ्रीजरमध्ये आहेत हे समजून चला.

मालवणात एकदा बाजारातल्या एका बाईंनी मला उंबऱ्यावरच सांगितलं, "सुरमय नाय हां आज, बांगडे आसत. होये तर बसा." मी बसले. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, बस्स. जिच्याकडे एकच गोष्ट शिजलेली आहे तिने ती नीट शिजवलेली असते. गिऱ्हाईक परत जाईल याची भीती ज्या खानावळीला नाही, तीच खानावळ बरी; माझं सगळं म्हणणं यात आलं. "सगळं मिळेल मॅडम" असं उत्तर आलं की मी फक्त चहा घेते.

बांगड्याबाबत जरा कडक राहा. तो उन्हात लवकर उतरतो, आणि उतरलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा उकळून जात नाही. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली, ओठाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ताट बाजूला सारा. "मसाला तिखट आहे" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

सोलकढी आधी मागवा, शेवटी नको. ती सांगते स्वयंपाकघरात नारळ खवला जातो की पुडीतली पावडर कालवली जाते. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची सोलकढी जरा मळकट गुलाबी दिसते, लसूण-मिरचीचा वास येतो, आणि थोडा वेळ पेला तसाच ठेवला तर नारळाचं दूध वेगळं व्हायला लागतं. सरबतासारखी चकचकीत गुलाबी, तासभर एकजीव राहणारी असेल तर कालवणात काय असणार याचा अंदाज करा.

तळलेल्या तुकडीवर रव्याचा जाड थर असेल तर तो खरवडून आतलं मांस बघा. ताज्या सुरमईचं मांस मोठ्या पाकळ्यांनी सुटतं, काट्याजवळही घट्ट असतं. पिठूळ झालेलं, बोटाला चिकटणारं असेल तर बर्फात बरेच दिवस गेलेत. मालवणात काही ठिकाणी कच्ची मासळी ताटात आणून दाखवतात. दाखवत नसतील तर मागायला लाजू नका. डोळे आणि कल्ले बघायला पदवी लागत नाही.

कोंबडी-वड्यांना एकच कसोटी: वडे ऑर्डर दिल्यावर तळले जातात की नाहीत. आधी तळून ठेवलेला वडा चामट होतो, मग रस्सा कसाही असो.

कुणाला विचारावं

रिक्षावाल्याला विचारू नये, त्याचं कमिशन ठरलेलं असू शकतं. "एसटी थांबते तिथे जेवण चांगलं" हेही खोटं. एसटी थांबते कारण थांबा ठरलेला असतो, आणि चालक-वाहकाच्या ताटाचे पैसे बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही. फुकट जेवणाऱ्याचं मत कशाला घ्यायचं?

कोर्टातले बेलीफ, बँकेतले शिपाई, औषध कंपन्यांचे एमआर यांना विचारा. रोज बाहेर जेवायचं आणि खिशातून द्यायचं, अशी ही माणसं. त्यांच्या पोटाला खोटं परवडत नाही.

पण माझा सगळ्यात खात्रीचा माणूस डंकवाला. मसाला कांडून देणाऱ्याकडे एप्रिल-मे महिन्यात अख्ख्या बाजारपेठेच्या मिरच्या येतात. कोण बेडगी आणतो, कोण संकेश्वरी, कोण नुसता रंगासाठी भुगा उचलतो, कुणाच्या धण्यांना वास आहे, कोण तिरफळं-दगडफूल विसरतो, सगळं त्याला नाकाने माहीत असतं. "दादा, खानावळवाल्यांत मसाला चांगला कोण कांडून नेतं?" एवढंच विचारायचं. चिपळूणला असं विचारून मी एका गल्लीत गेले होते. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. तसं तिखट कोंबडीचं कालवण नंतर खाल्लं नाही.

बंद झालेल्या जागा शोधायच्या कशा

जुन्या लोकांशी बोललात की कळेल, प्रत्येकाच्या तोंडी एक बंद झालेलं हॉटेल असतं. वडील रत्नागिरीतल्या मांडवीच्या बंदरावरच्या खानावळींबद्दल सांगायचे. मुंबईहून बोटी यायच्या तेव्हाची गोष्ट. बोटीचा भोंगा ऐकून भाताचं आधण ठेवत, उतारू पडावातून धक्क्याला लागेपर्यंत भात तयार. पावसाळ्यात बोटी बंद, की खानावळही बंद. बोटी कायमच्या गेल्या आणि या जागांना कारणच उरलं नाही.

रत्नागिरीची सगळ्यात मोठी हरवलेली जागा म्हणजे सावरकरांचं अखिल हिंदू उपहारगृह, 1933 सालचं. पतितपावन मंदिर 1931 साली झालं, ते आजही लोक बघायला जातात. उपहारगृहाची आठवण मात्र पाहुण्यांना कुणी सांगत नाही. त्या काळी कोण कुणाच्या हातचा चहा पितो यावर माणसाची जागा ठरायची. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा सगळ्यांसमोर प्यावा लागे. सावरकरांना भेटायला येणाऱ्याने आधी तिथे चहा घ्यायचा, असा दंडक असे. सावरकरांच्या बाकी राजकारणाशी माझं जमत नाही, पण हॉटेल म्हणून बघितलं तर रत्नागिरीतल्या कुठल्याही थाळीपेक्षा तो चहा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या लहानपणीसुद्धा बाजारात ब्राह्मणी भोजनालय वेगळं, मराठा खानावळ वेगळी आणि कोकणी मुसलमानांचं हॉटेल वेगळं होतं, आणि लोक तोंड बघून आत शिरत. मी तिन्हीकडे जेवले. मुसलमानी हॉटेलातली तांदळाची रोटी आणि खिमा हे आजोळी कधी सांगितलं नाही.

बायकांसाठी आणखी एक अडचण होती. एकटी बाई दिसली की वाढपी थेट "फॅमिली रूम" दाखवायचा: हिरवा पडदा, एक बल्ब, पंखा नाही, आणि वाढायला कुणी फिरकायचं नाही. मी पुढच्या बाकावर, मालकाच्या गल्ल्यासमोर बसायला लागले. तिथे भात वेळेवर येतो आणि फळ्यावरचं काय संपलं ते आधी कळतं. आजही एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना मी हेच सांगते.

हॉटेलं बंद का पडली? काही हमरस्त्याच्या रुंदीकरणात गेली. काही मुलं मुंबई-पुण्याला गेल्यामुळे. चिपळुणात 22 जुलै 2021 च्या पुराने बाजारपेठ बुडाली. भांडी, धान्य, फ्रीज सगळं गेल्यावर साठीच्या मालकाने परत सुरुवात करायची कशी? पण बहुतेक खानावळी एका साध्या कारणाने संपल्या. पाटीवर नाव पुरुषाचं असायचं आणि चुलीपुढे त्याची आई, बायको नाहीतर भावजय. ती थकली की खानावळ संपली. मालक पुढे दहा वर्षं दुकान ओढतो, आचारी ठेवतो, लोक म्हणतात "पूर्वीची चव नाही राहिली".

म्हणून जुनी चव हवी असेल तर जागा शोधू नका, माणूस शोधा. हॉटेल बंद झालं, आचारी गेला कुठे? घरची सून आता डबे देते का? रत्नागिरीत मला आवडणाऱ्या एका बंद खानावळीची काळ्या वाटाण्याची उसळ आज एका डबेवाल्या वहिनींकडे मिळते. किराणा दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, कारण उधारी त्याच्या वहीत असते.

ज्या अजून आहेत त्यांच्याबद्दल दोन शब्द. सावंतवाडीत भालेकरांच्या खानावळीत मटण खा, इतर काही मागवून पोट भरू नका. मालवणात हॉटेल चैतन्य पर्यटकांचं झालंय अशी नाकं मुरडणारे भेटतील. मुरडू द्या, गर्दी आहे म्हणून मासळी फिरती राहते, आणि मला फिरती मासळी हवी. गणपतीपुळ्याला देवदर्शनानंतर शाकाहारी जेवायचं तर भाऊ जोशींकडे. रत्नागिरी शहरातलं नाव मी लिहीत नाही. आठच बाकं आहेत आणि मला अजून तिथे जेवायचं आहे.

आता कामाचं. सहापेक्षा जास्त माणसं असाल तर सकाळी नऊच्या आत फोन करा, कारण मालक किंवा मालकीण त्याच सुमाराला बाजारात असते. माणसं किती, शाकाहारी किती, येणार किती वाजता, एवढं सांगा. कुर्ल्या हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगा आणि अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. जुनी माणसं तेव्हा त्या भरलेल्या मिळतात म्हणतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. उकडीचे मोदकही आदल्या दिवशीच सांगायचे, आणि माणशी किती ते मोजून. मोठ्या माशाचा भाव आधी विचारा, तुकडीचा की अख्ख्याचा ते स्पष्ट करून घ्या, आणि बिल आलं की बेरीज करून बघा. मालक रागावत नाहीत. रागावले तर पुन्हा जाऊ नका.