ड्राय बाल्कनीतल्या जाळीतून गटाराचा वास येतोय?

सगळ्यात आधी त्या जाळीत बादलीभर पाणी ओता. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचलेलं असावं लागतं. ड्रेनेजमधली हवा अडवतं ते हेच पाणी. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलात की ते आटतं आणि वास थेट घरात शिरतो. पाणी ओतून वास गेला तर प्लंबरला बोलवायची गरजच नाही. पुढच्या वेळी निघताना ट्रॅप भरून वर दोन चमचे बेबी ऑइल सोडा, म्हणजे पाणी सावकाश आटेल. खाद्यतेल नको, ते खवट होतं.

तरीही वास राहिला तर जाळी उचलून आत बघा. काही ट्रॅपमध्ये सुटी वाटी असते, पाण्याचा अडसर तिच्यामुळेच तयार होतो. वॉशिंग मशीनचा पाइप आत बसावा म्हणून ती बऱ्याचदा काढून टाकलेली असते, आणि मग वास अडवायला काहीच उरत नाही. वाटी परत बसवा. पाइपभोवतीच्या फटीत रबरी सील लावा.

आतला साबणाचा आणि कपड्यांच्या धाग्यांचा गाळही कुजतो. हातमोजे घालून तो काढा, जुन्या ब्रशने घासा. ॲसिड ओतू नका. ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तुमच्या जाळीत गुडगुड होत असेल, तर इमारतीचा व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजमध्ये हवा खेळती ठेवणारा पाइप, तुंबलेला असू शकतो. तेव्हा मात्र सोसायटीला कळवा.