धडक किरकोळ होती, म्हणून तपासणी टाळू नका: दुचाकीस्वारांनी या चुका टाळाव्यात

पहिली चूक रस्त्यावरच होते. इंदूरमध्ये पलासियाच्या चौकात किंवा राजवाड्याच्या गर्दीत धक्का लागून पडलेला माणूस आधी गाडी उचलतो आणि ती सुरू होते का ते पाहतो; स्वतःकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. धडकेनंतर काही काळ शरीरातील अ‍ॅड्रेनालिनमुळे वेदना दबून राहते, म्हणून त्या वेळी काही दुखत नाही यावरून इजा झालीच नाही असे मानता येत नाही. प्रथम वाहतुकीतून बाजूला होऊन बसावे आणि मान, पाठ, छाती, पोट व मनगटे क्रमाने तपासावीत. मानेच्या मधोमध दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर मात्र हालचाल न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डोक्याच्या इजेबाबतची चूक सर्वांत घातक ठरते. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू झाला, तरी माणूस काही तास नीट बोलू-चालू शकतो आणि त्यानंतर गुंगीत जातो. म्हणून गोळी घेऊन एकट्याने झोपून राहणे टाळावे आणि किमान २४ तास घरातले कोणीतरी सोबत असावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे, एका हाताची किंवा पायाची अशक्तता, अतिरेकी झोप यांपैकी काहीही दिसल्यास एम. वाय. रुग्णालयात किंवा जवळच्या अपघात विभागात लगेच जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्याने लक्षणांची वाटच पाहू नये. अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकते, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

हँडलचे टोक पोटात लागले असेल, तर त्वचेवर वळही न उमटता आतील प्लीहेला (डाव्या बरगड्यांखालच्या अवयवाला) इजा होऊ शकते. पोटाबरोबर डावा खांदा दुखू लागणे ही तिची एक खूण आहे. पडताना तळहात टेकला असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही न दिसूनही तेथील लहान हाड मोडलेले असू शकते. दुखणे टिकल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे. हेल्मेट आपटले असेल, तर ते बदलावेच. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा उसळत नाही, आणि बाहेरून ते दिसत नाही.

गाडीच्या बाबतीत लोक ओरखडे, आरसा आणि इंडिकेटर पाहतात. खरे नुकसान बहुधा पुढच्या भागात दडलेले असते. हँडल सरळ धरूनही चाक तिरके दिसत असेल, तर शॉकअप (पुढच्या चाकाचे दोन दांडे) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये फिरलेले असू शकतात, आणि ते सैल करून पुन्हा बसवता येतात. शॉकअपचा पाइपच वाकला असेल, तर तो बदलावा लागतो. लेथवर सरळ करून देण्याची तयारी अनेक मेकॅनिक दाखवतात, परंतु असा पाइप कमजोर होतो व क्रोमला तडे जाऊन तेल गळू लागते, म्हणून ही बचत मला मुळीच मान्य नाही. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी अडकत असेल, तर बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) दबलेला आहे. टाकीखाली चेसिसच्या मानेजवळ रंगाला केसासारखी भेग किंवा सुरकुती दिसली, तर गाडी चालवू नये, टेम्पोत घालून न्यावी. चाक फिरवून रिम डगमगते का, डिस्क घासते का, ब्रेकचा पाइप कुठे दबला आहे का, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच स्वतःहून परत येतो का, हेही पाहावे.

विमा कंपनीला कळवण्यापूर्वी गाडी उघडू देणे ही आणखी एक चूक आहे, कारण सर्वेक्षकाने पाहण्याआधी दुरुस्ती झाली, तर दावा अडू शकतो. जागेवरच छायाचित्रे घ्यावीत, आणि आतील नुकसान नंतर सापडले, तर त्याचीही लेखी नोंद करून पुन्हा पाहणी मागावी.