जिवंत दाता की मेंदूमृत दाता? किडनी प्रत्यारोपणाचे आकडे कसे वाचायचे

टक्केवारी ऐकलीत की आधी विचारा, ती कशाची? रुग्ण जिवंत असण्याची टक्केवारी वेगळी, किडनी चालू असण्याची वेगळी. किडनीच्या आकड्यातही दोन पद्धती आहेत. एकीत, किडनी नीट चालू असताना रुग्ण हृदयविकाराने गेला तरी ती किडनी ‘गेली’ असे धरतात. ‘डेथ-सेन्सर्ड’ पद्धतीत अशा मृत्यूंना अपयश मानत नाहीत, म्हणून तो आकडा जास्त देखणा दिसतो. साठीपुढच्या रुग्णांत हा फरक बराच मोठा असतो. एका केंद्राचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहिलात तर हिशेब चुकलाच.

मग एका वर्षाच्या निकालावर थांबू नका. पहिल्या वर्षी जिवंत दाता आणि मेंदूमृत दाता (मेंदू कायमचा बंद पडला, पण यंत्रांवर हृदय चालू आहे असा) या दोन्ही प्रकारांत नव्वद टक्क्यांहून जास्त किडन्या चालू असतात. खरे अंतर पुढे पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत २०१४ ते २०१७ मधल्या प्रत्यारोपणांसाठी निम्म्या किडन्या बंद पडायला लागणारा अंदाजे काळ मेंदूमृत दात्याच्या बाबतीत सुमारे १२ वर्षे, तर जिवंत दात्याच्या बाबतीत सुमारे १९ वर्षे निघाला.

हे अंतर का पडते? जिवंत दात्याची कसून तपासणी झालेली असते, शस्त्रक्रिया ठरवून होते आणि किडनी बर्फात फार वेळ राहत नाही. मेंदूमृत दात्याच्या शरीरात मेंदूमृत्यूमुळेच दाहाची लाट उसळलेली असते, रक्तदाब खालीवर झालेला असतो, शिवाय किडनी कित्येक तास थंड द्रावणात असते. म्हणून ती ‘झोपलेली’ येऊ शकते: लघवी कमी, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) उतरत नाही, पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागते. याचा अर्थ किडनी वाया गेली असा नाही, बहुतेक वेळा ती काही दिवसांत ते काही आठवड्यांत जागी होते. मात्र या काळात रिजेक्शन (शरीराने नवी किडनी परकी मानून तिच्यावर केलेला हल्ला) क्रिएटिनिनवरून ओळखता येत नाही, म्हणून बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे) सुचवली तर टाळू नका.

‘नवरा-बायकोचे टिश्यू जुळत नाहीत, मग काय उपयोग?’ हा प्रश्न हमखास येतो. १९९५ मध्येच दाखवले गेले की कमी जुळणारी जोडीदाराची किडनीसुद्धा मेंदूमृत दात्याच्या सर्वसाधारण किडनीपेक्षा चांगली टिकते. अडतो तो क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी (हल्ला करणारी प्रथिने) आहेत का हे पाहणारी चाचणी. तो पॉझिटिव्ह आला तर अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाबद्दल (न जुळणाऱ्या दोन जोड्या आपापसांत दाते बदलतात) विचारा. आधीचे रक्त चढवणे, गर्भारपण किंवा जुने प्रत्यारोपण यांनी अशा अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, त्यामुळे ही माहिती लपवू नका.

जिवंत दाता नसेल तर तुलना बदलते. आता समोर प्रश्न ‘ही किडनी की जिवंत दात्याची’ असा नसून ‘ही किडनी की आणखी काही वर्षे डायलिसिस’ असा असतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे धोका डायलिसिसपेक्षा जास्त असतो, नंतर तो बराच खाली येतो. दाता वयस्क आहे एवढ्यावरून आलेली किडनी नाकारू नका. दात्याचा क्रिएटिनिन, रक्तदाब, मधुमेह आणि किडनी किती तास थंड द्रावणात होती हे विचारून ठरवा. तुमचे वय कमी असेल आणि डायलिसिस नीट चालू असेल तर थांबण्याला अर्थ असू शकतो. साठीपुढे तो फार क्वचित असतो.

दात्याचाही हिशेब करा. उरलेली किडनी वाढून एकूण क्षमता साधारण दोन-तृतीयांशावर येते. अमेरिकी अभ्यासात १५ वर्षांत किडनी निकामी होण्याचे प्रमाण दर १०,००० दात्यांत सुमारे ३१ होते, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत सुमारे ४. म्हणून दात्याने दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रोटीन तपासलेच पाहिजे.

किडनी कोणाचीही असो, टॅक्रोलिमसच्या (रिजेक्शन रोखणारे, दिवसातून दोनदा घ्यायचे औषध) पातळीचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीला १२ तास झाल्यावर द्या. गोळी घेऊन रक्त दिलेत तर पातळी खोटी जास्त दिसते, डोस कमी होतो आणि काही आठवड्यांनी रिजेक्शन उभे राहते. फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचे औषध) आणि क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) पातळी वाढवतात, रिफॅम्पिसिन (क्षयरोगाचे औषध) पाडते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी औषध लिहून दिले तरी ते सुरू करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.