गंगापूर धरणाचा विसर्ग शून्य, तरी सराफ बाजारात पाणी! या चुका टाळा

नाशिककराला पूर मोजायचा असला की नजर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जाते. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागलं की महापूर. धरणातून सोडलेल्या पाण्यासाठी हे माप उत्तम. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, आधी इशारा देतात, भांडीबाजारातल्या दुकानदाराला माल वर चढवायला वेळ मिळतो. पण गडगडाट करत तासाभरात कोसळून जाणाऱ्या पावसाला हे माप लागू पडत नाही.

‘धरणातून पाणी सोडलंय का?’ एवढंच विचारणं

गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. शहरावर पडलेला पाऊस त्या धरणाच्या खाली पडतो, त्याला अडवणारं मध्ये काही नाही. हिशेब करून बघा: एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ कोटी लिटर पाणी. डांबर, काँक्रीट आणि सोसायट्यांच्या फरश्यांवर ते मुरणार कुठे? सरस्वती नाला जुन्या गावाखालून बंदिस्त वाहतो. त्यात मावेना झालं की दहीपूल, सराफ बाजाराच्या रस्त्यावर पाणी उभं राहतं, आणि तेव्हा गोदावरीत रामकुंडावर कदाचित काहीच वाढलेलं नसतं. नासर्डी आणि वाघाडीचंही तेच. एरवी त्यांना नदी म्हणायलाही लोक तयार नसतात, पण तास-दीड तासाच्या पावसात त्या काठावरच्या वस्तीत शिरतात.

म्हणून जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर ढग काळे होऊन गडगडू लागले की आपल्या घराजवळचा नाला बघा. कचऱ्याने तुंबलेली जाळी पाऊस सुरू होण्याआधी साफ करून घ्यावी. वाहत्या पाण्यात उभं राहून ती मोकळी करायला जाणं जिवावर बेतू शकतं, कारण पाय ओढला जातो आणि उघडं चेंबर दिसत नाही.

‘एवढंसं तर पाणी आहे, जाईल गाडी’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जोरात वाहणारं जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान कार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. दुचाकीची तर गोष्टच सोडा. फरशी पुलावर पाणी असेल तर वळून लांबच्या रस्त्याने जा. पुढचा गेला म्हणून आपणही जाऊ, हा तर्क करू नका. त्याच्यामागे पाणी वाढलेलं असतं.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च डोळे पांढरे करतो. पाणी चढतंय असं दिसलं तर आधी काच खाली करा, कारण नंतर ती चालेलच असं नाही. मग गाडी सोडून उंचावर जा. गोदाघाटावर गाडी लावून बाजारात जाणाऱ्यांनी आकाश बघूनच जावं. दरवर्षी तिथून गाड्या दोरखंडाने ओढून काढाव्या लागतात, तरी पार्किंग काही थांबत नाही.

होळकर पुलावर पूर बघायला जाणं

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की बघायला जायचं ही नाशिकची जुनी हौस. पुलावर गर्दी झाली की रुग्णवाहिका अडकते. बघायचंच असेल तर उंचावरून, काठ सोडून बघा.

त्र्यंबककडच्या धबधब्यांवर धोका वेगळा. दुगारवाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरमाथ्यावर पाऊस पडत असू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की सामान गोळा करत बसू नका. विजा चमकत असतील तर एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पक्क्या छपराखालीच राहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं.

घरात पाणी शिरल्यावर

मेन स्विच कोरड्या जागेवर उभं राहून बंद करता येत असेल तरच करा. बोर्डापर्यंत पाणी किंवा ओल पोचली असेल तर हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. अडकलात तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

पाणी ओसरल्यावर लगेच झाडू घेऊ नका. आधी पाण्याची खूण, भिजलेला माल, फ्रिज, गाडी यांचे फोटो काढा. पंचनाम्याला आणि विम्याला ते लागतात. फ्रिज आणि मोटर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय सुरू करू नका. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसून, धुऊन, ब्लीचिंग पावडर टाकून घ्या आणि तोवर पाणी उकळून प्या. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना लगेच सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार टाळण्याची गोळी द्यायची की नाही, ते ठरवतील. ताप येण्याची वाट पाहू नका.