डिसगस्टिंग की डिसगस्टेड? आधी मराठीत किळस येऊ द्या

‘डिसगस्टिंग’ म्हणजे किळसवाणं, शिसारी आणणारं. अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो, घोळ होतो तो शब्दाच्या शेवटाशी. ‘आय ॲम डिसगस्टिंग’ म्हणणाऱ्याला ‘मला किळस आली’ एवढंच सांगायचं असतं; ऐकणाऱ्याला मात्र ‘मीच किळसवाणा आहे’ असं ऐकू येतं.

यावरचा उपाय मराठीतच आहे. आधी मनात म्हणा: ‘मला झुरळाची किळस आली.’ ज्याला ‘ला’ लागलं तो डिसगस्टेड, ज्याला ‘ची’ लागली ते डिसगस्टिंग. म्हणून ‘आय वॉज डिसगस्टेड’, पण ‘द कॉक्रोच वॉज डिसगस्टिंग’. बोअर्ड-बोअरिंगलाही हीच खूण चालते.

‘ची’च्या ओढीने ‘डिसगस्टेड ऑफ’ मात्र म्हणू नका. वस्तू किंवा प्रसंग असेल तर ‘बाय’ किंवा ‘ॲट’, माणूस असेल तर ‘विथ’: ‘आय ॲम डिसगस्टेड विथ हिम’.

उच्चारात जोर ‘गस्’वर द्या. इंग्रजीत ‘स’नंतरचा ‘क’ जवळजवळ ‘ग’सारखाच ऐकू येतो, त्यामुळे ‘डिस्कस्ड’ आणि ‘डिसगस्ट’ यांत कान फसतो आणि लिहिताना ‘जी’च्या जागी ‘सी’ पडतो. मूळ लॅटिन ‘गुस्तुस’, म्हणजे चव, लक्षात ठेवा. ‘जी’ चुकणार नाही.

चवीतून आलेला असला तरी हा शब्द वागणुकीलाही लागतो. लाच मागणं, दुबळ्याला छळणं, हेही डिसगस्टिंग. तिथे मराठीत ‘घृणास्पद’ जास्त शोभतं. लेखी, गंभीर मजकुरात अशा कृत्यासाठी ‘ॲबहॉरंट’ घ्या, पण तो नासक्या भाजीला लावू नका.

शब्द मुळातच जहाल आहे. त्याला ‘व्हेरी’पेक्षा ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘रिअली’ अधिक सहज बसतं. आणि नावडत्या प्रत्येक पदार्थाला तो चिकटवू नका: अळणी वरण ‘ब्लँड’, कारलं ‘बिटर’. बुरशी आलेली पोळी मात्र खुशाल डिसगस्टिंग. कोणाच्या घरी जेवताना एखादी गोष्ट घशाखाली उतरत नसेल तर ‘इट्स नॉट रिअली टू माय टेस्ट’ म्हणा. यजमानांसमोर ‘डिसगस्टिंग’ म्हणणं म्हणजे पानात वाढलेल्या अन्नाचा आणि वाढणाऱ्याचाही अपमान.